सात तलंगा

बांबूचं डालगं उचललं तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. आतल्या सात तलंगा तशाच बसून राहिल्या. तलंग म्हणजे पिल्लूपण सरलेली, पण अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. अंगानं भरलेली आणि अकलेनं कोरी. सकाळीच त्यांना आठवडी बाजारातून आणलं होतं. "चला, पुढं सरका," मी म्हणालो. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केल्यावर तोंडातून दुसरं काय येणार? गाडी कितीही भरलेली असो, नवी माणसं आत ढकलली की पाच मिनिटांत ती आपापली जागा करून घेतात, हा माझा अनुभव. कोंबड्यांचं तसं नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पेरूखाली जुन्या पाचजणी माती उकरत होत्या. त्यांची म्होरकी एक थोराड तांबडी. माझी बायको हौसा तिला पाटलीण म्हणायची, आणि ती होतीही तशीच. पाटलिणीनं मान वर केली, नव्या पोरींना एकदा नीट न्याहाळलं आणि सरळ चालून आली. मागून बाकीच्या चौघी. पुढच्या दोन मिनिटांत अंगणात नुसती पिसं. एक तलंग लाकडांच्या ढिगात घुसली, चौघी न्हाणीमागं, एक थेट कौलांवर, आणि एक बिचारी गडबडीत पाटलिणीच्याच पायाशी सापडली. मी खराटा घेऊन मधे पडलो तर पाटलिणीनं माझ्याही पोटरीला चोच मारली. त्या तलंगेच्या डोक्यावरची कातडी सोलून निघाली होती, आणि लाल दिसतंय म्हणून बाकीच्या नेमक्या तिथंच टोचत होत्या.

तेवढ्यात शेराच्या झुडपांच्या कुंपणापलीकडून आवाज आला.

"ऐकतीस का गं काळे? भरदुपारी नव्या पोरी आशा मदी सोडत्यात व्हय? जीवच घेत्यात की."

पलीकडं बायाक्का बसली होती. मांडीवर तिची काळी कोंबडी. बायाक्काचं तोंड माझ्याकडं नव्हतं. ती कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत कोंबडीलाच सांगत होती. मला वाटलं, टोमणा मारतेय. आधीच पोटरी ठणकत होती. मी जखमी तलंग उचलली, घरात गेलो आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी ती मेली.

बायाक्का ही आमची शेजारीण, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, मूलबाळ नसलेली विधवा. तिचा आणि हौसाचा अकरा वर्षं अबोला होता. कशावरून, ते मला धड माहीत नव्हतं. कोंबड्यांवरून काहीतरी बिनसलं एवढंच कानावर आलेलं. मी आठवड्यातून एकदा घरी यायचो. "तिचं नाव काढू नका," असं हौसा म्हणाली आणि मी काढलं नाही. बायकांच्या भांडणात पुरुषानं नाक खुपसू नये म्हणतात. मी तर घरातल्या कशातच नाक खुपसायचो नाही आणि त्याला चांगुलपणा समजायचो. हौसा गेली आणि तिच्या भांड्याकुंड्यांबरोबर तो अबोलाही माझ्या वाट्याला आला. मी तो इमानानं पाळत होतो. तिच्या माघारी तिच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही मला सुचत नव्हतं.

हौसा गेली तेव्हा माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते. ताप आला आणि तिसऱ्या पहाटे संपलीसुद्धा. मी मुक्कामाच्या गाडीवर होतो. निरोप डेपोत पोचला आणि डेपोतून माझ्यापर्यंत येईतो अंगणात माणसं जमलेली होती. रिटायर झाल्यावर बघू, असं म्हणून मी आयुष्यात जी जी कामं पुढं ढकलली होती, त्यांत तिच्याशी निवांत बोलत बसणं हेही एक होतं.

रिटायर होऊन घरी आलो आणि त्या घराची मला भीती वाटायला लागली. दिवस कसाबसा जायचा. संध्याकाळी दिवा लावला की तोंड उघडायला कारण उरायचं नाही. मग मी माझ्या जुन्या गाडीचे थांबे ओळीनं म्हणायचो, मोठ्यानं, अगदी शेवटच्या थांब्यापर्यंत. म्हणून झाले की परतीचे म्हणायचो. हसू नका, एकट्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू आला तरी बरं वाटतं.

मुलगी उजा पुण्याला दिलेली. जावई चांगला, घर चांगलं, लिफ्टसुद्धा चांगली. "आबा, चला," असं ती दर फोनला म्हणायची आणि मी दर फोनला सांगायचो की कोंबड्यांना कोण बघणार. हे एकच निमित्त माझ्याकडं होतं. पण ते निमित्त एकेक करून मरत होतं. हौसाच्या अकरा कोंबड्या होत्या. तीन मुंगसानं नेल्या, तीन मानमोडीच्या साथीत गेल्या. उरलेल्या पाच म्हाताऱ्या, त्यांतल्या तीन अंडी द्यायच्या थांबलेल्या. शेवटी उजानं बजावलं की दसऱ्याला ती येणार, आणि तोवर घराची नि कोंबड्यांची घडी नीट दिसली नाही तर कोंबड्या वाटून टाकायच्या, घराला कुलूप लावायचं आणि मी तिच्याबरोबर जायचं. पोरीच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. पण ज्या घरात हौसानं तीस वर्षं माझ्याविना काढली, त्या घरात मी तिच्याविना एक वर्षसुद्धा काढू नये, हे मला लाजिरवाणं वाटत होतं. म्हणून त्या सात तलंगा. दसऱ्याला तीन आठवडे होते, आणि पहिल्याच दिवशी सातांच्या सहा झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या सहांना मी डालग्याखालीच झाकून ठेवलं आणि उंबऱ्यावर डोकं धरून बसलो. कुंपणापलीकडून पुन्हा आवाज आला. बायाक्का काळीला सांगत होती, तेही चांगलं खणखणीत, काळीचे कान जणू आमच्या अंगणात होते.

"त्येच बरं हाय बग. डालगं ऱ्हाऊ दे आठ दिस आंगणातच. जुन्या भवतीनं फिरतील, बगतील, चोची आपटतील. लागू तर देत न्हाई डालगं. बगून बगून राग मरतोय, काळे. माणसाचाबी मरतोय."

मी हललो नाही. काळीला सगळी विद्या मिळत होती. कणी टाकायची ती डालग्याच्या आतही आणि बाहेर लगतही, म्हणजे दोन्हीकडच्या एकाच वेळी, एकमेकींच्या तोंडासमोर खातील. कुणाला चोच लागून रक्त आलं तर तेलात राख कालवून फासायची, म्हणजे लाल दिसणार नाही. आणि मग ती काळीला म्हणाली की म्होरकीचा माज जास्तच असेल, तर नव्यांना कशाला कोंडायचं, म्होरकीलाच दोन दिवस कोंडावं.

हे टोमणे नव्हते एवढं माझ्यासारख्या दगडालाही कळलं. पण उत्तर द्यावं तर हौसाचा अबोला मोडतो. मी उठलो, कणी आणली आणि सांगितल्याप्रमाणं आत-बाहेर टाकली. पाटलीण डालग्याला टकटक चोची मारून दमली आणि शेवटी खाली मान घालून कणी टिपायला लागली. आतून-बाहेरून एका लयीत टिपण्याचा आवाज येत होता. घरात कुणीतरी काम करतंय असा तो आवाज होता, आणि मी कितीतरी वेळ तिथंच बसून राहिलो.

चार दिवस असेच गेले. बायाक्का सकाळी काळीला सांगायची, मी दिवसभर करायचो. पाचव्या दिवशी एक तलंग खाईना. मला राहवलं नाही. पाटलीण पायात घुटमळत होती, तिच्याकडं बघून मी म्हणालो, "पाटलीणबाई, ही पिवळ्या पायांची दोन दिवस चोच उघडून बसतेय. काय करावं म्हणता?"

पलीकडून बायाक्का हळूच म्हणाली, "काळे, पाण्यात गुळाचा खडा घाल म्हणावं. आन् डालगं उनातनं सावलीत घे म्हणावं. उष्म्यानं तसं करत्यात."

तिचा आवाज बदलला होता. तो रडवेला होता की काय, मला कळेना. मी डालगं पेरूच्या सावलीत ओढलं. दुपारपर्यंत तलंग खायला लागली आणि मी पाटलिणीला तसं मुद्दाम कळवलं.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. आमचं म्हणजे पाटलीण आणि काळीचं. आठ दिवस भरले तेव्हा पाटलिणीला मी डालग्याखाली कोंडलं आणि सहाजणींना मोकळं सोडलं. उरलेल्या चौघींनी एक-दोनदा अंगावर धावून बघितलं, पण म्होरकी नसल्यावर त्यांच्यातही जोर राहिला नाही. दोन दिवसांनी पाटलीण बाहेर आली ती अंग चोरून, जणू तीच नवीन. तिला बघून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

खुराड्यात घालायचं काम सगळ्यांत नाजूक. बायाक्कानं काळीला तीनतीनदा बजावलं की दिवेलागण होऊ द्यायची, जुन्या दांडीवर बसून डोळे मिटायला लागल्या की मगच नव्या एकेक करून आत ठेवायच्या, हलक्या हातानं, दोन जुन्यांच्या मधे एक नवी. अंधारात कोंबडी भांडत नाही. सकाळी उठल्यावर तिला वाटतं, ही शेजारची कालपण इथंच असावी. फक्त पहाटे लवकर दार उघडायचं, कोंडल्या जागी उजेड होऊ द्यायचा नाही. मी तसंच केलं. शेवटची तलंग पाटलिणीच्या बगलेला ठेवली. पाटलिणीनं झोपेतच जरा अंग सरकवून तिला जागा दिली.

मी खुराड्याचं दार लावलं आणि कुंपणाकडं बघत म्हणालो, "झोपल्या गं पाटलिणी." पाटलीण आत होती. तरी पलीकडून उत्तर आलं.

"काळे, हौसानंबी नव्या कोंबड्या आशाच घातल्या हुत्या. माज्याच सांगण्यावरनं. हितंच हुबी ऱ्हाऊन म्हणाली हुती, झोपल्या गं बाई."

मग मी विचारलं. पाटलिणीला, म्हणजे खुराड्याच्या बंद दाराला विचारलं की अबोला होता ना? मग सांगितलं कसं?

बायाक्कानं त्या संध्याकाळी काळीला सगळं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी हौसाची एक कोंबडी बायाक्काच्या गवताच्या गंजीत चोरून अंडी घालत होती. बायाक्काची कोंबडी खुडूक होऊन नेमकी त्याच अंड्यांवर उबवायला बसली. नऊ पिल्लं निघाली. हौसा म्हणाली, अंडी आमची. बायाक्का म्हणाली, ऊब आमची. दोघी भांडणाला खमक्या. शब्दानं शब्द वाढला आणि हौसा बोलून गेली की पुन्हा हिच्याशी बोलले तर माझ्या उजाचं मेलेलं तोंड बघीन. बायाक्काही तिरीमिरीत म्हणाली, तुझ्या घरच्या माणसाशी मीबी बोलले तर तुझ्या उजाचीच आण. तिला स्वतःचं मूल नव्हतं. आण घ्यायला जीवापाड असं तिच्याकडं दुसरं कुणी नव्हतं.

पिल्लं पंधरा दिवसांत घारीनं नेली. राग महिनाभरात विरला. आण मात्र राहिली. पोरीच्या जिवावरची आण मोडायची कुणी? एकदा पावसाळ्यात हौसा कुंपणापाशी येऊन आपल्या कोंबडीला म्हणाली, बाई गं, आज उजाला ताप हाय, काढ्याला काय घालू? बायाक्कानं आपल्या कोंबडीला सांगितलं, तुळस आणि आलं घाल म्हणावं. देवानं एवढी पळवाट चालवून घेतली. उजाचा ताप उतरला. तेव्हापासून अकरा वर्षं, रोज सकाळ-संध्याकाळ.

मला सुट्टीचे दिवस आठवले. मी पडवीत आडवा पडलेला असायचो आणि हौसा कुंपणापाशी कोंबड्यांशी बडबडत असायची. "येडी झालीस का?" म्हणून मी हसायचो. तीही हसायची. गाडीत मी चार माणसांना हा किस्सा सांगायचो, माझी बायको कोंबड्यांशी बोलते म्हणून. तिनं मला खरं का सांगितलं नाही हे उघड होतं. मी ते त्या चार माणसांनाही सांगितलं असतं.

पुढच्या दहा दिवसांत मी हौसाबद्दल जेवढं ऐकलं तेवढं तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. विजांना ती भ्यायची. वळवाच्या पावसात ती घर सोडून खुराड्याला टेकून बसायची, कारण आत निदान काहीतरी जिवंत असायचं. मी झोपेत थांब्यांची नावं घ्यायचो, ती ऐकून ऐकून तिला सगळे पाठ झाले होते, आणि मी मुक्कामाला असलो की ती ते कोंबड्यांना म्हणून दाखवायची. माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून एकदा शेवटच्या थांब्यापर्यंत जायची तिची इच्छा होती. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, तिथं काय बघायचंय? हे मला आठवतसुद्धा नव्हतं. काळीला मात्र माहीत होतं. मी रोज सकाळी कुंपणापाशी जाऊन बसायचो, पाटलिणीला विचारायचो आणि ऐकायचो. कधी लाज वाटायची, कधी रडू यायचं. तरी दुसऱ्या दिवसाची वाट बघायचो. मेलेलं माणूस मला थोडं थोडं परत मिळत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी उजा आली. घर सारवलेलं, अकरा कोंबड्या एका थव्यानं चरताहेत, हे बघून तिचा चेहरा खुलला. मला वाटलं, जिंकलो. दसऱ्याच्या सकाळी ती चहाचा कप घेऊन मागच्या दारात आली, तेव्हा मी पाटलिणीला विचारत होतो, "हौसा शेवटी शेवटी माझ्यावर रागावलेली होती का गं?" बायाक्का त्या वेळी गंजीआड असणार, कारण उजाला ती दिसली नाही. उजानं कप खाली ठेवला. दुपारी बघतो तर माझी ट्रंक कॉटवर उघडी आणि ती माझे कपडे घड्या करून भरतेय.

"आबा, आता मी ऐकणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही कोंबड्यांशी बोलताय. आईचंही असंच झालं होतं. तिच्याकडं मी लक्ष दिलं नाही. तुमचं तसं होऊ देणार नाही."

शेजारच्या वाडीतला माणूस उद्या कोंबड्या न्यायला येणार, हेही तिनं ठरवून टाकलं होतं. मी ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावर बसलो. मग तिला सगळं सांगितलं. अंडी, ऊब, गंज, आण. आण कुणाची ते सांगताना मी तिच्याकडं बघितलं नाही. अकरा वर्षं तिच्या जिवाला धक्का लागू नये म्हणून दोन बायका कोंबड्यांच्या तोंडानं बोलत होत्या, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. लहान पोर घाबरेल म्हणून आधी, आणि नंतर सवय झाली म्हणून.

उजा उठली. अनवाणीच अंगण ओलांडून कुंपणापाशी गेली. बायाक्का काळीला कवटाळून पायरीवर बसली होती. तिनं उजाला येताना बघितलं आणि मान फिरवली.

"मावशी, इकडं बघा," उजा म्हणाली. "माझ्यावरची आण मी सोडली. सुटली म्हणते मी. सुटली, सुटली, सुटली."

लहान पोरं खेळात एकमेकांना घातलेली शपथ सोडवतात तसं ती तीनदा म्हणाली. शपथ ज्याची, त्यानं सुटली म्हटलं की सुटते. हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. बायाक्काचा काळीच्या पाठीवरचा हात थांबला. तिनं उजाकडं बघितलं, मग माझ्याकडं. इतक्या वर्षांत प्रथमच सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"एवढंच हुतं व्हय?" ती म्हणाली.

उजानं मान डोलावली.

"तुज्या आयच्या उशाला दोन राती बसून हुते, उजे. तिसऱ्या पहाटं तिनं डोळं मिटलं तवाबी मीच हुते. कपाळावर पाण्याची पट्टी ठेवीत हुते. ती माज्याकडं बगायची, मी तिच्याकडं. तोंडातनं शबुद न्हाई काडला, ना तिनं ना मी. तुजा जीव न्हवं त्यो." मग ती म्हणाली, "घरात कोंबडी आणायचं सुचलं न्हाई बग."

उजा कुंपणाच्या फटीतून पलीकडं गेली आणि तिच्या गळ्यात पडली. शेराचा चीक तिच्या साडीभर लागला. मी अलीकडंच उभा होतो. हौसा एकटी मेली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. मी दोन राती तिकडं कुठल्याशा डेपोत गाढ झोपलो होतो, आणि बायाक्काचा हात तिच्या कपाळावर होता. मला बरं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

उजा तिसऱ्या दिवशी एकटीच पुण्याला गेली. ट्रंक परत माळ्यावर चढली. तलंगा कार्तिकात अंड्यावर आल्या. मी राहिलो, आणि आज चौदा वर्षांनीही इथंच आहे.

पण एक गोष्ट मी उजाला कधी सांगितली नाही. आण सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणापाशी जाऊन बसलो. बायाक्का समोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला. "च्या झाला का, दाजी?" तिनं विचारलं. झाला म्हणालो. आज लाइट जाणार म्हणे, ती म्हणाली. मी म्हणालो, जाईल. मग ती उभी राहिली, मीही बसून राहिलो, आणि ती आत निघून गेली. तिसऱ्या दिवशी मीठ-मिरची, चौथ्या दिवशी भाताची कापणी. सरळ तोंडावर बोलायला लागल्यावर मी तिच्या मैत्रिणीचा नवरा झालो होतो, आणि अशा माणसाशी जेवढं बोलायचं असतं तेवढंच ती बोलत होती. हौसाचं नाव निघेना. मी एक-दोनदा काढलं तर, "चांगली हुती बाई," एवढंच म्हणून ती डोळे पुसायची.

महिनाभर मी वाट बघितली. घर पुन्हा तसंच मुकं झालं. शेवटी एका सकाळी मी धीर केला. ती धान्य पाखडत होती, काळी तिच्या पायांशी होती. मी कुंपणाकडं पाठ करून उंबऱ्यावर बसलो आणि म्हणालो, "बायाक्का, मी इथं नाही असं समजा. पूर्वीसारखं काळीला सांगा. हौसा माझ्यावर रागावली होती का, तेवढं तरी सांगा."

सुपाचा आवाज थांबला. मी मागं वळून बघितलं नाही. मग ती बोलली, काळीशी नाही, माझ्याशी, आणि तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता.

"आता कसं जमंल, दाजी?" ती म्हणाली. "आता तुमी ऐकतायसा की."